वात बारीक कर

घरच्या मंडळींना यातली सुरुवातीची गोष्ट पाठ आहे, त्यांनी तीन-चार परिच्छेद ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

नाना म्हणजे माझे थोरले काका. आयुष्यभर हा माणूस घरातले दिवे मालवत फिरला. खोलीतून कोणी बाहेर पडलं आणि मागे दिवा राहिला, की नानांचा ठरलेला प्रश्न यायचा, "तो दिवा कुणासाठी जळतोय?" आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो.

२०१४ साली त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं कळलं. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज. या आजारात बहुतेकांच्या डोळ्यांची हालचाल बराच काळ शाबूत राहते, तशी नानांचीही राहिली. मग आम्ही प्लॅस्टिकची एक पारदर्शक पाटी आणली आणि तिच्यावर मार्करने अक्षरं लिहिली. क, च, ट, त, प अशा वर्गांच्या ओळी. नानांनी आधी वर्गाकडे बघायचं, मग त्यातल्या कितव्या अक्षराकडे ते बघायचं, आणि पाटीच्या पलीकडे बसलेल्याने त्यांची नजर ओळखून अक्षर मोठ्याने म्हणायचं. वर्णमाला ज्यांनी कोणी अशी चौकटीत बसवली, त्यांचे त्या दिवसांत आम्ही फार आभार मानले. पुढे वर्षभराने एक वापरलेलं यंत्र मिळालं. पडद्यावर अक्षरं, पडद्याखाली एक काळी पट्टी. नाना अक्षराकडे बघायचे, क्षणभर नजर तिथे ठेवायचे आणि ते अक्षर उमटायचं. त्यांनी उमटवलेलं पहिलं वाक्य होतं, "चहात साखर कमी आहे." काकू एकाच वेळी हसत आणि रडत होती.

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी सुट्टीला मिरजेला गेलो होतो. रात्री दहाच्या सुमाराला वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू होतं, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. साडेतीनला काकू सवयीने उठली, तर पडदा काळा. बॅटरी संपलेली. मी पाटी आणि टॉर्च घेऊन धावलो. नाना जागे होते. पण टॉर्च चेहऱ्यावर मारला की ते डोळे गच्च मिटायचे, आणि बाजूला घेतला की मला त्यांचे डोळे दिसायचे नाहीत. दोनचार मिनिटं हाच खेळ. शेवटी टॉर्च छताकडे केला, तेव्हा त्या मंद उजेडात जमलं. प-वर्ग, पहिलं. मग य. पाय! त्यांचा डावा पाय पलंगाच्या दांडीखाली मुडपून अडकला होता. किती वेळ, ते आम्ही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या यंत्राच्या मागे लागलो. बॅटरी एवढ्यात संपली कशी? तेव्हा कळलं, की ती काळी पट्टी म्हणजे नुसता कॅमेरा नव्हता. तिच्यात दिवे होते, आणि नाना डोळे मिटून झोपले असतानाही ते रात्रभर त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकत होते. आम्हाला तो कधी दिसला नव्हता, कारण तो इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त. बॅटरी एकट्या दिव्यांनी संपवली असं नाही, पडदा आणि आतला संगणकही चालूच होता. पण नानांच्या घरात, नानांच्याच तोंडावर, रात्रभर एक दिवा कुणासाठीच जळत नव्हता हे मला फार लागलं. (तुम्हाला असा प्रकाश बघायचा असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. बहुतेक फोनवर एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल.)

त्यानंतर बरीच वर्षं मी जमेल तसं या विषयावर वाचत राहिलो. नजरेचा माग काढण्याचा इतिहास शंभराहून बऱ्याच जास्त वर्षांचा आहे, आणि मला तो आता एकाच प्रश्नाचा इतिहास वाटतो. दुसऱ्याची नजर कळायला उजेड किती लागतो? आणि तो कधी लागत नाही?

गंमत म्हणजे सुरुवातीला उजेड मुळी लागतच नव्हता. १८७९ च्या सुमाराला पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल वाचनाचा अभ्यास करत होते. तोवर सगळ्यांची समजूत अशी, की वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी सरकते. जावाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं, की ती उड्या मारते, टेकते, पुन्हा उडी मारते. त्यांचे सहकारी लामार यांनी तर पापणीवर टेकवलेल्या साधनातून येणारे बारीक आवाज ऐकून या उड्या मोजल्या. म्हणजे डोळा आधी कानाने वाचला गेला! जावाल यांचं पुढचं आयुष्य मात्र चटका लावणारं आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि १९०० च्या सुमाराला ते पूर्ण आंधळे झाले. पण माणूस थांबला नाही. अंधांनी रोजचं जगणं कसं निभवावं यावर त्यांनी १९०३ मध्ये पुस्तक लिहिलं.

त्यानंतर आले अमेरिकेतले एडमंड ह्यूई. त्यांनी १८९८ मध्ये जो उद्योग केला तो वाचताना माझेच डोळे चुरचुरले. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची छोटी वाटी, मध्ये बाहुलीपुरतं भोक, ती थेट बुबुळावर बसवायची. डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब. वाटीला ॲल्युमिनियमचा हलका काटा जोडलेला, आणि डोळा हलला की तो काटा काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढणार. माहिती उत्तम मिळाली, पण असा डोळा कोण किती वेळ देणार?

उत्तर मिळालं १९०१ मध्ये, आणि ते उजेडाचं होतं. रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी डोळ्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. आपल्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा बाहेरून गोल आरशासारखा असतो. समोर दिवा असला की त्याचा एक ठिपका तिथे चमकतो. डोळा वळला की ठिपकाही सरकतो. डॉज-क्लाइन जोडीने त्या ठिपक्याचा फोटो वरून हळूहळू खाली येणाऱ्या काचेवर घेतला. डोके मात्र घट्ट धरून ठेवावं लागे. आज नजर वाचणारी बहुतेक यंत्रं याच चमकत्या ठिपक्याच्या आधारावर चालतात. नानांचंही तसंच.

डॉज यांनी त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट ओळखली होती, जी पुढे बॅटरीच्या कामाला येणार होती. नजर उडी मारत असते त्या क्षणी आपल्याला जवळजवळ काहीच नीट दिसत नाही. आरशासमोर उभे राहा, आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजाऱ्याला मात्र स्पष्ट दिसतील. वाचताना नजर एका जागी साधारण एक पंचमांश ते पाव सेकंद टेकते, मग उडी. म्हणजे बघण्याचं काम सलग चालतच नाही, तुकड्यातुकड्यांनी चालतं.

मधल्या काळात सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी डोळ्यावर चिकटणाऱ्या इवल्या टोपीला आरसा लावला, त्यावर झोत टाकला आणि परावर्तित किरणाने प्रकाशसंवेदी कागदावर नजरेचे नकाशे काढले. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये रशियनमध्ये आणि १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. रेपिनचं एकच चित्र, पण या माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर फिरते, आणि घरची परिस्थिती कशी असेल ते सांगा म्हटलं की सामानावर, कपड्यांवर. नजर जाते ती मनाने पाठवलेल्या ठिकाणी. नानांच्या पडद्यासमोर बसून हे मी रोज पाहिलं होतं, फक्त मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

आता जरा लग्नाचा जुना अल्बम काढा. निम्म्या फोटोंत नवरा-नवरीचे डोळे लालभडक! कारण असं, की बाहुली काळी दिसते ती आत काळोख आहे म्हणून नव्हे. आत शिरलेल्या प्रकाशातला जो परततो तो बहुतांशी आलेल्या वाटेनेच परततो, आणि त्या वाटेवर आपण नसतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्यात डोकावायचं साधन जगापुढे मांडलं ते हेच हेरून. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की परतणारा प्रकाश नेमका लेन्समध्ये शिरतो आणि बाहुली पेटल्यासारखी दिसते. १९६० च्या दशकात हनीवेल कंपनीच्या जॉन मर्चंट यांनी नासासाठी ऑक्युलोमीटर नावाचं यंत्र विकसित केलं, त्यात हाच गुण वापरला. पेटलेली बाहुली आणि बुबुळावरचा चमकता ठिपका या दोघांमधलं अंतर मोजलं, की डोकं थोडं हललं तरी नजरेची दिशा कळते. शिवाय दिवा अवरक्त ठेवला तर बघणाऱ्याला तो खुपत नाही आणि बाहुली आकसत नाही. माझ्या टॉर्चने नानांचे डोळे मिटले होते, ते या दिव्याने मिटले नसते.

मग कोणाच्या तरी मनात आलं, की नजर नुसती मोजायची कशाला, तिला काम करू द्या. १९८९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टॉमस हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी एरिका नावाची व्यवस्था मांडली, जिच्यात हातपाय न हलणारा माणूस नुसतं बघून संगणक चालवू शकत होता. २००९ मध्ये टेम्प्ट वन या नावाने भिंती रंगवणाऱ्या लॉस एंजेलिसच्या चित्रकारासाठी काही मित्रांनी स्वस्तातल्या चष्म्याच्या फ्रेमवर व्हिडिओ गेमचा कॅमेरा आणि अवरक्त दिवे बसवले. त्यालाही हाच आजार होता. त्याने पडून राहून डोळ्यांनी पुन्हा चित्रं काढली. त्या खटाटोपाचं नाव आयरायटर, आणि तो कसा करायचा हे त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

या सगळ्या काळात दिवा वाचवावा असं फारसं कोणाला वाटलं नाही, कारण बहुतेक यंत्रं भिंतीतल्या प्लगला जोडलेली होती. दिवा उघडझाप करायला शिकला तो वेगळ्याच कारणाने. २००० साली आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतल्या मोरिमोटो आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचे दोन गट केले, एक लेन्सजवळ आणि एक लांब. कॅमेऱ्याच्या एका चित्राला पहिला गट पेटायचा, दुसऱ्याला दुसरा. पहिल्यात बाहुली उजळ, दुसऱ्यात काळी. एकातून दुसरं वजा केलं की बाकी सगळं पुसलं जातं आणि बाहुली उरते. उद्देश बाहुली शोधण्याचा होता, पण दिवा कॅमेऱ्याच्या तालावर चालू-बंद करता येतो हे त्यात होतंच.

हा ताल किती उपयोगाचा आहे ते साध्या हिशेबाने बघा. कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्राला ४ मिलिसेकंद उजेड लागतो असं धरलं, तर सेकंदात फक्त २४० मिलिसेकंद दिवा हवा. बाकी पाऊण सेकंद तो विझलेला चालतो, आणि काहीच बिघडत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे परिस्थिती बघून दिवा कमीजास्त करणं. दिवा डोळ्याच्या जवळ असेल तर थोडा पुरतो. नजर टेकलेली असेल तर चित्रं कमी घेतली तरी भागतं. भर उन्हात तर उन्हातल्या अवरक्त प्रकाशापुढे या दिव्याचं काही चालत नाही, तिथे वेगळीच युक्ती हवी. आणि कमी दिवा डोळ्यालाही बरा, कारण डोळ्यावर असा प्रकाश किती पडू द्यायचा याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत.

चष्म्यावरच यंत्र बसवायचं ठरल्यावर मात्र दर मिलिवॅटचा हिशेब सुरू झाला. २०१५ मध्ये सायडर नावाचा प्रायोगिक चष्मा मांडला गेला. तो घरात असताना कमी विजेच्या रीतीने बाहुलीच्या मागावर राहतो, आणि आपण उन्हात आलो हे ओळखून रीत बदलतो. सेकंदाला चार वेळा डोळा बघायला त्याला सुमारे ७ मिलिवॅट लागले, अडीचशेहून जास्त वेळा बघायला सुमारे ३२. तुलनेसाठी सांगतो, एखाद्या उपकरणावरचा साधा लाल एलईडी २० मिलिॲम्पिअरवर जळत असेल तर तो एकटाच ४० मिलिवॅट खातो. २०१८ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या तिआनशिंग ली आणि शिया झोऊ यांनी तर बॅटरीच काढून टाकली. डोळ्याभोवती काही अवरक्त दिवे आणि प्रकाश मोजणारे डायोड, कॅमेरा नाहीच. दिवे एकामागून एक पेटतात, बाहुली प्रकाश गिळते, आणि कुठून किती कमी प्रकाश परतला यावरून ती कुठे आहे ते कळतं. नजर टेकली आहे की उडते आहे हे बघून यंत्र आपली मेहनत कमीजास्त करतं. सरासरी खर्च ३९५ मायक्रोवॅट, म्हणजे त्या लाल एलईडीच्या शंभराव्या भागाइतका, आणि तो चष्म्याच्या दोन्ही काड्यांवरच्या सौरपट्ट्या पुरवतात.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. पण हुरळून जायला नको. त्या चष्म्याला बाहुलीची जागा सांगताना सरासरी ०.८ मिलिमीटरची चूक होते. माझ्या ढोबळ हिशेबाने, हातभर अंतरावरच्या पडद्यावर ती चार सेंटिमीटरच्या आसपास जाते. क-च-ट-त-प हे वर्ग निवडता येतील, बारीक अक्षरं नाही. शिवाय बोलणारा संगणक आणि पडदा वेगळेच. उलट टोकाला २०२४ मध्ये अ‍ॅपलने विकायला आणलेला व्हिजन प्रो. त्यात डोळ्यांभोवती अवरक्त दिवे आणि कॅमेरे आहेत, नजर हाच त्याचा माऊस. बॅटरी मात्र वायरने जोडून खिशात ठेवायची, आणि ती तेव्हा साधारण दोन तास पुरायची. कमी दिवा म्हणजे कमी माहिती, कमी माहिती म्हणजे जास्त चूक. फुकट काही मिळत नाही.

आणि इथेच मी त्या रात्रीपाशी परत येतो. एक गोष्ट वर सांगायची टाळली. नानांच्या यंत्रात थोडा वेळ डोळे मिटले की झोपी जायची सोय होती. ती आम्हीच बंद केली होती. कारण त्या यंत्राला झोपेतून उठवायला बटण दाबावं लागे, आणि बटण दाबायला नानांना हात नव्हता. दिवा जळत ठेवला तर पहाटेपर्यंत वाचा संपणार, दिवा विझवला तर वाचा सुरूच होणार नाही. आम्ही पहिला पर्याय निवडला होता.

आमच्या आजीला हा पेच कळला असता. तिच्या लहानपणी रात्री कंदील कधी विझवत नसत. निजानीज झाली की कोणी तरी म्हणायचं, "वात बारीक कर." रॉकेल वाचायचं, आणि रात्री पोर उठलं तर काडेपेटी शोधावी लागायची नाही. वात मोठी करायला एक बोट पुरे. यंत्राने तेवढंच शिकायला हवं होतं. माणूस झोपला की सेकंदाला एखादाच लुकलुकाट टाकून बघायचं, डोळे मिटलेले आहेत ना? उघडले की वात मोठी. बॅटरी वाचवण्याचं हे सगळं शास्त्र मला दिवा विझवण्याचं वाटत नाही. दिवा कोणासाठी जळतोय, हे त्या दिव्याला कळण्याचं आहे.

आम्ही पुढे काय केलं? फार काही नाही. एक जास्तीची बॅटरी घेतली, इन्व्हर्टर बसवला, आणि नानांच्या उशाशी एक झिरोचा दिवा रात्रभर ठेवला, छताकडे तोंड करून. पाटी त्याच्या शेजारी. पहिल्या रात्री नाना त्या दिव्याकडे बराच वेळ बघत होते. मी म्हटलं, "नाना, हा तुमच्यासाठी जळतोय." त्यांनी डोळे एकदा मिटून उघडले. आमच्यात त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा होता.

२०१८ मध्ये नाना गेले. यंत्र आम्ही त्याच आजाराच्या एका मुलीच्या घरी दिलं. देताना तिच्या वडिलांना चार्जर दाखवला, बॅटरीबद्दल दोनदा बजावलं, आणि पाटीही बरोबर दिली. ती पाटी त्यांनी आधी घेतली नव्हती. मी म्हटलं, राहू द्या. हिला चार्जिंग लागत नाही, फक्त थोडा उजेड आणि पलीकडे बसलेलं कोणी तरी लागतं.